सॅमनची मृगया आणि 'स्पोर्ट' या शब्दाचे दोन अर्थ

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सॅमन हा मासा प्रथम भेटतो तो नदीत नव्हे, तर व्युत्पत्तिकोशात. जर्मन 'लाक्स', रशियन 'लोसोस', लिथुआनियन 'लाशिशा' ही सर्व एकाच प्राचीन शब्दाची अपत्ये होत. मध्य आशियातील तोखारी भाषेत त्याच शब्दाचा अर्थ नुसता 'मासा' असा उरलेला आढळला, तेव्हापासून इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या मूलस्थानाच्या वादात हा मासा एक साक्षीदार होऊन बसला आहे. पाउल टीमे या जर्मन पंडिताने १९५० नंतरच्या दशकात संस्कृतातील 'लक्ष' ही संख्या आणि 'लाक्षा' हा तांबडा रंग यांचाही संबंध या माशाच्या अगणित झुंडींशी व त्याच्या तांबूस मांसाशी जोडून पाहिला. हे मत सर्वमान्य झाले नाही आणि आपली 'लाख' सॅमनच्या पोटातून निघाली असे मानण्यास प्रस्तुत लेखकही तयार नाही. इंग्रजीने मात्र आपला जुना शब्द टाकून नॉर्मन विजेत्यांचा फ्रेंच शब्द उचलला. पुढे सॅमनच्या नद्यांवर मालकी कोणाची चालली, याची चाहूल या शब्दबदलातच लागते.

तथापि येथे विचार करावयाचा आहे तो माशाच्या नावाचा नव्हे. हा मासा गळाने धरण्याच्या छंदाभोवती इंग्रजीत 'स्पोर्ट' हा शब्द ज्या रीतीने वाढला, त्या रीतीचा आहे. 'स्पोर्ट' हे 'डिस्पोर्ट'चे संक्षिप्त रूप असून जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ मन दुसरीकडे नेणे, विरंगुळा, एवढाच होता. पुढे शिकार व मासेमारी यांना तो विशेषेकरून लागू झाला. त्यानंतर त्यापासून झालेल्या 'स्पोर्टिंग' या विशेषणात 'प्रतिपक्षाला संधी देणारा' असा नैतिक अर्थ शिरला. सॅमनच्या गळक्रीडेचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, या नैतिक अर्थाच्या पोटात दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. स्वतःचे काम अवघड करून घेणे ही एक, आणि माशावर दया करणे ही दुसरी. या दोन गोष्टी एकच आहेत असे बहुतेक गळकरी मानीत आले. त्या एक नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम माशाविषयी चार शब्द. अटलांटिक सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, काही वर्षांनी समुद्रात जातो, तेथे एक ते तीन वर्षे खाऊन पुष्ट होतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परत येतो. नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ बंद करतो. बाझेल येथील फ्रीड्रिश मीशर या शास्त्रज्ञाने ऱ्हाईन नदीच्या सॅमनचा अभ्यास करून १८८० च्या सुमारास दाखवून दिले की, हा मासा कित्येक महिने उपाशी राहतो आणि त्याची अंडकोशे व वीर्यकोशे त्याच्याच स्नायूंच्या झिजेवर पोसली जातात. स्कॉटलंडमध्ये नोएल पेटन याने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानेही याच मताला पुष्टी दिली. आता प्रश्न असा की, ज्याला भूक नाही तो आमिष का घेतो? कोणी म्हणतात सवयीने, कोणी रागाने, कोणी कुतूहलाने. ह्यू फॉकस या लेखकाने १९८४ साली आपल्या ग्रंथात अशी कारणे वर्गवारी करून दिली आहेत. परंतु त्यांतील कोणते कारण कोणत्या क्षणी लागू पडते हे त्या ग्रंथावरूनही सांगता येत नाही. ट्राउट माशाच्या बाबतीत गळकरी म्हणू शकतो, 'तो अमुक कीटक खात होता, मी तसाच कीटक बनविला.' सॅमनच्या बाबतीत असा पुरावा नाही. त्यामुळे प्रत्येक यशाचे स्पष्टीकरण ज्याचे त्याने करावयाचे असते, आणि या छंदातील आनंदाचा बराच मोठा भाग या अनिश्चिततेतून येतो असे म्हणावे लागते. जेथे कोणीच खोटा ठरत नाही, तेथे मतांची पेठ भरभराटीस येते.

इंग्रजीतील गळविद्येचा पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा. 'सेंट ऑल्बन्सचे पुस्तक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहाच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत तो प्रथम आला. डेम ज्युलियाना बर्नर्स या धर्मभगिनीच्या नावावर तो घातला जातो, पण या कर्तृत्वाला भक्कम आधार नाही. गोड्या पाण्यात गळाने धरता येणाऱ्या माशांत सॅमन हा सर्वांत रुबाबदार, असे तो ग्रंथ म्हणतो. आणि लगेच, तो मोठ्या नद्यांच्या मध्यभागी खोल पाण्यात राहत असल्याने धरावयास त्रासाचा, असेही बजावतो. उडी मारत असता तो बनावट माशीवर येऊ शकतो, पण असे क्वचित दिसते. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ग्रंथाच्या अखेरीस आहे. केवळ पैशासाठी गळ टाकू नये, शरीराच्या व आत्म्याच्या स्वास्थ्यासाठी टाकावा, आणि एका वेळी फार मासे धरू नयेत, असा तेथे उपदेश आहे. येथे संयम आहे, परंतु साधनांविषयीचा सोवळेपणा नाही. गांडूळ, कीटक, बनावट माशी यांत उच्चनीच भाव नाही.

आयझॅक वॉल्टन याचा १६५३ चा प्रसिद्ध ग्रंथ सॅमनला गोड्या पाण्यातील माशांचा राजा म्हणतो, पण वॉल्टन हा मुख्यतः दक्षिणेकडील संथ नद्यांचा आणि साध्या आमिषांचा माणूस. त्याच्या ग्रंथात सॅमनला मान आहे, अनुभव बेताचाच आहे. क्रॉमवेलच्या पक्षाचा शिपाईगडी रिचर्ड फ्रँक याने १६५८ मध्ये लिहिलेल्या आणि १६९४ मध्ये छापलेल्या पुस्तकात स्कॉटलंडच्या नद्यांवरील सॅमनचे वर्णन केले, आणि वॉल्टनला पुस्तकी पंडित ठरवून त्याच्यावर आगपाखड केली. माझी नदी खरी, तुझी पुस्तकी, हा सॅमन-गळकऱ्यांचा आवडता वाद तेव्हापासून चालू आहे.

यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे ओलांडून आपण विल्यम स्क्रोप याच्यापाशी येऊ. कारण 'स्पोर्ट' या शब्दाचा जुना अर्थ किती वेगळा होता, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही. ट्वीड नदीवरील सॅमनच्या मृगयेवर त्याचा ग्रंथ १८४३ मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकात 'दिवस आणि रात्री' असे दोन्ही शब्द आहेत, आणि त्यातील रात्री महत्त्वाच्या आहेत. दिवसा स्क्रोप दोन्ही हातांनी लांब काठी धरून, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बनावट माशी फेकीत असे. रात्री मात्र होडीत जाळ पेटवून, त्या उजेडात दिसणाऱ्या सॅमनवर अनेक दातांचा भाला मारला जाई. या प्रकाराला तिकडे 'पाणी जाळणे' म्हणत. सर वॉल्टर स्कॉट या खेळात स्वतः भाग घेई. त्याच्या १८१५ च्या 'गाय मॅनरिंग' कादंबरीत हे दृश्य आले आहे, आणि १८२४ च्या 'रेडगाँटलेट'मध्ये सॉल्वेच्या खाडीत घोड्यावर बसून सॅमनवर भाले टाकणारे स्वार आहेत. जमीनदार, त्याचे पाहुणे, शेतकरी आणि गावातील धनगर सर्व त्यात सामील होत. जाळाचा झगझगाट, थंड पाणी, आरडाओरड, कोणी होडीतून पडला तर हशा. ही एक जत्राच होती. स्क्रोप हा सुसंस्कृत गृहस्थ होता, चित्रकार होता. त्याला या दोन प्रकारांत विसंगती वाटली नाही. दोन्ही 'स्पोर्ट'च.

दोनच दशकांत हा अर्थ कायद्याने मोडला. १८६१ च्या इंग्लंड व वेल्सच्या सॅमन-कायद्याने दिवे आणि भाले यांनी सॅमन मारणे गुन्हा ठरविले आणि गाबोळीचे आमिष लावण्यासही बंदी केली. स्कॉटलंडमध्येही तशीच पावले टाकली गेली. कारखान्यांचे सांडपाणी, बंधारे आणि नदीमुखांवरची जाळी यांनी मासा झपाट्याने घटत होता, ही या कायद्यांची खरी पार्श्वभूमी. गाबोळीवरील बंदी तर निःसंशय माशाच्या हिताची होती. अंडी घालण्यास आलेली मादी मारून तिच्याच अंड्यांचे आमिष करावयाचे हा प्रकार फार घातक होता. भाल्यांविषयीही हेच म्हणता येईल, कारण उथळ पाण्यात अंडी घालणारा मासा जाळाच्या उजेडात सर्वस्वी असहाय असे. परंतु याच बंदीने एक सामाजिक कार्यही पार पाडले. ज्या खेड्यातील माणसाकडे ना महागडी काठी, ना नदीचा भाडेपट्टा, त्याचा 'स्पोर्ट' एका रात्रीत चोरी झाला. स्कॉटलंडमध्ये सॅमन धरण्याचा हक्क हा मुळात राजसत्तेचा, जमिनीपासून वेगळा असा वारसाहक्काने चालणारा मालमत्ताधिकार आहे. काठावर शेत असले म्हणून नदीतील सॅमन आपला होत नाही. स्कॉटचे धनगर ज्या खेळात यजमानांबरोबर हसत होते, त्यातून त्यांच्या नातवंडांना बाहेर काढले गेले. 'स्पोर्टिंग' या विशेषणात नैतिक तेज चढत गेले ते याच काळात, हा योगायोग मानणे कठीण आहे.

रेल्वेने हा बदल पक्का केला. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने १८५२ मध्ये डी नदीकाठची बॅल्मोरलची मालमत्ता खरेदी केली, आणि १८६६ मध्ये रेल्वे बॅलटरपर्यंत पोहोचली. लंडनचा धनिक आता आठवड्याच्या हिशेबाने नदीचा एखादा पट्टा भाड्याने घेऊ लागला. त्याच्याबरोबर नदीचा जाणकार असा स्थानिक नोकर असे. त्याला 'गिली' म्हणत. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ पोऱ्या, चाकर असा आहे. कोठे उभे राहावे, कोणती माशी बांधावी, ती किती वेगाने पाण्यातून फिरू द्यावी, हे बहुधा गिली सांगे. मासा धन्याच्या नावावर लागे.

या काळातील आनंद रंगांचा होता. जॉर्ज केल्सन याने १८९५ मध्ये 'सॅमनची माशी' या विषयावर भला मोठा ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक पिसाचे स्थान एखाद्या श्रौतविधीच्या काटेकोरपणाने नेमून दिले. 'जॉक स्कॉट' नावाची माशी, जी त्याच नावाच्या गिलीने केली, तिच्यात नाना पक्ष्यांची पिसे लागतात. त्यांतील एकाविषयी मराठी वाचकाने दोन शब्द ऐकावेत. 'जंगल कॉक' म्हणून जी मेणचट ठिपक्यांची पिसे या माशीच्या दोन्ही बाजूंस बसवितात, ती आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची होत. स्कॉटलंडच्या नदीतील उपाशी माशाला चिडविण्यासाठी सह्याद्रीचा रानकोंबडा मारावा लागे, ही साम्राज्याच्या व्यापाराची एक बारीकशी पण बोलकी नोंद आहे. पुढे अशा पिसांच्या निर्यातीवर भारतात बंदी आली आणि परदेशांत पाळलेल्या कोंबड्यांवर ही हौस भागू लागली. माशाला या सौंदर्याची पारख असते असे केल्सन मानी. प्रस्तुत लेखकाच्या मते पारख करणारा काठावर होता.

केल्सनचा डोलारा कोसळविला तो डी नदीवरच्याच एका गळकऱ्याने. आर्थर वुड याने १९१३ पासून १९३४ पर्यंत केर्नटन येथील पट्ट्यावर बारीक, जवळजवळ बोडक्या माश्या वापरल्या. रेशमी दोरीला चरबी लावून ती तो पाण्यावर तरंगती ठेवी, आणि प्रवाहाने दोरीला पोट आले की काठीच्या हलक्या झटक्याने ते उलट दिशेस फिरवी, म्हणजे माशी ओढली न जाता सावकाश वाहत राही. त्याने या रीतीने तीन हजारांहून अधिक सॅमन मारले. वुडचा आनंद केल्सनहून निराळ्या जातीचा होता. त्याला माशीचे रूप गौण, पाण्याचे वाचन मुख्य. पृष्ठभागाखाली उठणारा मासा डोळ्यांनी दिसावा, हा त्याचा लाभ. भाषेच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काहीतरी सापडते: एकाने शब्दांचे अलंकार पाहिले, दुसऱ्याने वाक्याचा ओघ.

तोपर्यंत उच्चभ्रू मत असे बनले होते की सॅमन बनावट माशीनेच धरावा. कोळंबी, गांडूळ, फिरता मासा ही हलकी साधने होत. या मताची कसोटी ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर लागली. जॉर्जिना बॅलंटाइन ही तरुणी आपल्या वडिलांबरोबर कॅपुथजवळ ग्लेनडेल्विनच्या पाण्यात होडीतून मासे धरीत होती. वडील तेथील जमीनमालकाकडे नावाडी होते. सायंकाळी तिच्या फिरत्या आमिषावर, म्हणजे डेस नावाच्या लहान माशावर, एक सॅमन लागला. दोन तासांहून अधिक झुंज झाली, अंधार पडला, आणि मासा हाती आला तेव्हा त्याचे वजन ६४ पौंड भरले. ब्रिटनमध्ये काठीने धरलेल्या सॅमनचा हा उच्चांक आजतागायत मोडलेला नाही. तो मासा पर्थच्या रुग्णालयाला देण्यात आला. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, डेव्हरॉन नदीवर श्रीमती मॉरिसन यांनी ६१ पौंडांचा सॅमन बनावट माशीवर धरला. शुद्ध मताच्या मंडळींना हा दुसरा मासा अधिक मोलाचा वाटे. पण विचार करून पाहावा. काळोखात दोन तास होडी सांभाळीत चौसष्ट पौंडांचा मासा दमविणारी नावाड्याची मुलगी कमी 'स्पोर्टिंग' कशी? आमिष हलके होते म्हणून? उपवासी माशाला पिसांचे फुलपाखरू आणि फिरता मासा यांत नीतीचा फरक जाणवत असेल असे दिसत नाही. फरक होता तो गळकऱ्याच्या श्रमात, आणि त्याच्या मंडळीतील प्रतिष्ठेत.

कायद्याने मात्र व्याख्या करावयाचा प्रयत्न केला. १९५१ च्या स्कॉटिश अधिनियमात 'काठी व दोरी' म्हणजे काय, हे सांगताना एकच काठी व एकच दोरी असावी, ती बांधून ठेवलेली नसावी, आणि माशाच्या अंगात गळ ओढून रुतविण्यासाठी ती वापरली जाऊ नये, असे म्हटले आहे. म्हणजे माशाने गळ तोंडाने, आपण होऊन घेतला पाहिजे. सर्व गळकऱ्यांना, मग ते माशीचे असोत वा गांडुळाचे, मान्य असलेली एवढीच एक किमान अट होय. आणि ती आमिषाविषयी नाही, माशाच्या वर्तनाविषयी आहे.

हा काटेकोरपणा केवळ इंग्रजांचा, असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याकडील एक ग्रंथ पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ११२९ च्या सुमारास पूर्ण झाला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणाला कोणते खाद्य द्यावे, गळ कसा टाकावा, हे त्यात सांगितले आहे. 'सेंट ऑल्बन्स'च्या ग्रंथापूर्वी साडेतीन शतकांहून अधिक काळ आधी येथे मासे धरणे पोटासाठी नव्हे, तर राजाच्या करमणुकीसाठी वर्णिले आहे. 'विनोद' या शब्दाचा तेथील अर्थ नेमका 'डिस्पोर्ट'चा: मन रमविणे. मराठीत तो शब्द थट्टेकडे वळला, इंग्रजीत त्याचा भाऊ नीतीकडे. कोकणात गरीने मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात, आणि त्या क्रियापदात नीतीचा भाग नाही, मजेचा भरपूर आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सॅमनचे मोजमाप सोबत आणले. मद्रास मुलकी सेवेतील एच. एस. टॉमस याने १८७३ च्या आपल्या पुस्तकात महसीर माशाला सॅमनच्या तराजूत घातले आणि जोराच्या बाबतीत पारडे महसीरकडे झुकविले. पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्येच केले होते. त्या जातीच्या लॅटिन नावात 'खुद्री' हा देशी शब्द आजही आहे. मात्र महसीर नदीत खातो, सॅमन खात नाही. त्यामुळे टॉमसच्या पुस्तकात आमिषांविषयीची सोवळीओवळी फारशी रुजली नाहीत. ज्याची भूक ठाऊक आहे, त्याच्यासाठी कर्मकांड लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वतःवर अडचण लादणे आणि माशावर दया करणे या दोन गोष्टींची फारकत विसाव्या शतकात उघडी पडली. अमेरिकन गळकरी ली वुल्फ याने १९३९ च्या आपल्या पुस्तकात मृगयेचे मासे एकदाच धरले जावेत इतके स्वस्त नाहीत, असा विचार मांडून ते परत सोडण्याचा पुरस्कार केला. हाच वुल्फ अत्यंत लहान व हलक्या काठीने मोठे सॅमन धरण्यासाठीही प्रसिद्ध होता. हलकी काठी म्हणजे अधिक कौशल्य, आणि जुन्या अर्थाने अधिक 'स्पोर्ट'. पण हलक्या काठीने झुंज लांबते, मासा थकतो, आणि सोडलेला थकलेला मासा, विशेषतः पाणी उबदार असताना, जगेलच असे नाही. म्हणून आज सोडण्याच्या हेतूने मासे धरणाऱ्यांना सल्ला असतो तो भक्कम दोरीचा, थोड्या वेळात संपणाऱ्या झुंजीचा, बिनकाट्याच्या गळाचा आणि मासा पाण्याबाहेर न काढण्याचा. म्हणजे माशावर दया करावयाची तर गळकऱ्याने काम सोपे करून घेतले पाहिजे. एकाच शब्दात नांदलेले दोन अर्थ येथे समोरासमोर उभे राहतात.

सोडून देणे ही तरी दयाच, असेही सर्वत्र मानले जात नाही. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत १९८४ पासून मोठे सॅमन सोडणे गळकऱ्यांवर बंधनकारक झाले. उलट जर्मनीत प्राण्याला योग्य कारणाविना वेदना देणे कायद्याने निषिद्ध असल्याने, केवळ सोडण्यासाठीच मासा गळाला लावणे हेच आक्षेपार्ह समजले जाते. खाण्यासाठी धरला तर कारण आहे, खेळण्यासाठी धरला तर नाही. बायरनने १८२३ मध्ये 'डॉन ह्वान'मध्ये वॉल्टनवर क्रौर्याचा जो आरोप केला, तो अशा रीतीने एका देशाच्या कायद्यात येऊन पोहोचला. रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही याने १८२८ च्या 'सॅल्मोनिया' या संवादग्रंथात गळकऱ्याचा बचाव केला आहे; पण त्याच्यासमोर माशाला मारावयाचे की नाही हा प्रश्नच नव्हता, मासे पुष्कळ होते.

आज तसे नाही. २०२३ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनला 'संकटग्रस्त' वर्गात घातले. त्यापूर्वीच, २०१६ पासून, स्कॉटलंडच्या नद्यांची त्यांतील माशांच्या स्थितीनुसार प्रतवारी होऊ लागली आणि खालच्या प्रतीच्या नद्यांवर मासा ठेवण्यास मनाई झाली. समुद्रातील वाढते तापमान, मत्स्यशेतीतील उवा, नद्यांवरचे अडथळे ही कारणे गळकऱ्याच्या काठीच्या आवाक्याबाहेरची आहेत. त्याच्या हाती एवढेच आहे की हातातला मासा पाण्यात परत ठेवावा. स्कॉटलंडमध्ये काठीने धरलेल्या सॅमनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अलीकडच्या वर्षांत असे परत ठेवले जातात.

या बदलाची एक नोंद भाषेत उमटली आहे. केल्सन व वुड यांच्या पिढीच्या रोजनाम्यांत माशाविषयीचे नेहमीचे क्रियापद 'मारला' हे असे; 'धरला' आणि 'मारला' यांत भेद करण्याची गरजच पडत नसे. स्कॉटलंडची काठीने धरलेल्या सॅमनची अधिकृत आकडेवारी १९५२ पासून सलग उपलब्ध आहे. तिच्यात 'ठेवलेले' आणि 'सोडलेले' असे दोन वेगळे रकाने १९९४ पासून पडले.